क-वाले, प-वाले आणि ‘येते’

ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोट्या गोष्टीवर माणसं चटकन विश्वास ठेवतात. निवडणुकीच्या दिवसांत आपण ते बघतोच. पण भंडारदऱ्याच्या धरणाकाठी सहा देशांचे सहा विद्वान बसले, आपल्या सहा भाषांची मिळून एक सोपी भाषा करू लागले, आणि तिच्यातला निम्मा माल मी पुरवला, असं म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाचा वास घेतात.

परवा संध्याकाळी केडगावात आमच्या ओट्यावर हेच झालं. ओट्यावर दोघं होते. एक वाल्मिक, टेम्पो चालवतो आणि गोष्ट ऐकताना मधेच हॉर्न वाजवल्यासारखा बोलतो. दुसरे शामकांत सर. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आता रिटायर आहेत, पण दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर अजून रस्ता ओलांडून जातात. आणि दाराच्या आत, सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसलेली पुष्पावती, म्हणजे आमची मंडळी. ती माझ्या गोष्टी ऐकत नाही. निदान तसं दाखवते.

“नाना, वास न्हाई येत,” वाल्मिक म्हणाला. “सांगा पुढं.”

तर झालं असं. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्यानं, अजिनाथनं, धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू टाकले. त्याला राखणीला एक वडीलधारं, भारदस्त आणि फुकट माणूस पाहिजे होतं. ती तिन्ही लक्षणं त्याला माझ्यात दिसली. पुष्पावतीलाही चल म्हटलं. ती म्हणाली, “थंडीत तंबूत निजायला मी काय मेंढरं घिऊन निघालेय का?” म्हणून मी एकटाच गेलो.

तिथं हे सहा जण उतरले होते. एक आयर्लंडची बाई, एक स्कॉटलंडचा, एक मॅन नावाच्या बेटावरचा, एक वेल्सचा, एक कॉर्नवॉलचा आणि एक बाई फ्रान्सच्या कोपऱ्यात ब्रिटनी नावाचा मुलूख आहे तिथली. या सहाही ठिकाणी जुन्या भाषा आहेत, एकमेकींच्या बहिणी. सगळ्यांना मिळून केल्टिक म्हणतात. बोलणारे थोडे उरलेत, त्यामुळे भांडणारे जास्त आहेत. मग यांनी ठरवलं की सहा भाषा एकत्र कुटायच्या आणि एकच सोपी, सगळ्यांना समजेल अशी भाषा करायची.

“आन् त्यासाठी भंडारदरा?” वाल्मिक म्हणाला. “तिकडं जागा नव्हती?”

जागा होती रे. पण आयर्लंडात भरवावं तर स्कॉटलंड रुसणार, वेल्समध्ये भरवावं तर कॉर्नवॉल रुसणार. आणि लंडन तर नावच काढायचं नाही. इंग्रजांनीच या भाषांचा गळा दाबला असं त्यांचं म्हणणं. म्हणून जिथं कोणाचाच हक्क नाही आणि जेवण बरं मिळतं अशी जागा शोधली. ते धरण इंग्रजांनी बांधलंय, हे मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. उगाच सामान बांधलं असतं बिचाऱ्यांनी.

“ते बोलत कोणत्या भाषेत होते आपसात?” शामकांत सरांनी विचारलं.

इंग्रजीत. इंग्रजीला घरात घ्यायचं नाही, यावर सहाही जणांचं इंग्रजीत एकमत झालं.

सर हसले. “आपल्याकडे वेगळं काय आहे? मराठी वाचवायच्या सभेला ‘वेलकम’ची कमान.”

“सर, तुमचा नातू कुटल्या शाळेत हाय?” वाल्मिकनं विचारलं.

सर चष्मा पुसू लागले. मी गोष्ट पुढं नेली. सरांचा मान राखायला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, नाना, तुम्हाला इंग्रजी कितीसं येतं. येतं थोडं. सरकारी खात्यात होतो मी. जिथं माझं इंग्रजी संपतं तिथून माझी कल्पना सुरू होते, आणि दोघं मिळून चांगला संसार करतात.

तर हे सगळं भाषेच्या प्रेमापोटी चाललंय असं मला आधी वाटलं. खरी गोम सत्यशीलानं सांगितली. सत्यशीला शेंडी गावची, तंबूवर स्वयंपाकाला होती. बायकांना भाषा न येता सगळं कळतं. ती म्हणाली, “नाना, ती नुलाताई आन् त्यो अमृतभाऊ, त्यांचं जमलंय. पन लगीन आडलंय.”

आयर्लंडच्या बाईचं नाव नूला. वेल्सवाल्याचं नाव एम्रिस. सत्यशीलानं त्याचं अमृत केलं आणि त्यालाही ते आवडलं. दोघं चाळिशीकडं झुकलेले, दोघं प्राध्यापक. आणि लग्न अडलं होतं ते हुंड्यावर नाही, पत्रिकेवर नाही, जातीवर तर नाहीच. अडलं होतं ते घरात कोणती भाषा बोलायची यावर. नूला म्हणायची, मी वेल्श बोलणार नाही. एम्रिस म्हणायचा, मी आयरिश बोलणार नाही. आणि होणाऱ्या मुलांशी इंग्रजीत बोलायचं म्हणजे दोघांच्याही वाडवडिलांच्या तोंडाला काळं. म्हणून नूलानं अट घातली, दोघांच्या भाषेतून एक भाषा कर, ती झाली तर लग्न. रविवारपर्यंत नाही झाली तर मी एकटी परत जाते. बाकी चौघं कशाला आले? भावकी. दोघांचं जमत असलं की चौघं यायचेच.

“भाषा केल्याशिवाय लगीन न्हाई,” वाल्मिक म्हणाला. “आमच्यात लगीन केल्यावर बोलनं बंद हुतं.”

आतून शेंगेचं एक टरफल ओट्यावर येऊन पडलं. कोणाच्या दिशेनं ते सांगत नाही.

आता त्यांचं दुखणं काय, ते नीट ऐका. या सहा बहिणींची फार जुन्या काळी वाटणी झाली. तिघी शब्दाला ‘क’ लावतात, तिघी तिथंच ‘प’ लावतात. डोकं म्हणजे आयर्लंडात ‘क्यान’, वेल्समध्ये ‘पेन’. पाच म्हणजे इकडं ‘कूग’, तिकडं ‘पिम्प’. कोण म्हणजे इकडं ‘के’, तिकडं ‘पुइ’. आयर्लंड, स्कॉटलंड आणि ते मॅन बेट, हे क-वाले. वेल्स, कॉर्नवॉल, ब्रिटनी, हे प-वाले. आपल्याकडं एका गावात दोन गट असतात; यांच्याकडं एका अक्षरात होते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ‘पाच’वरच गाडी अडली. स्कॉटलंडवाला दाढी खाजवत माझ्याकडं वळला आणि म्हणाला, तुमच्यात काय म्हणतात? मी म्हटलं, पाच. झालं. प-वाल्या तिघांनी उठून माझे हात हातात घेतले. कॉर्नवॉलवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हजारो मैलांवर आपला भाऊ सापडला म्हणाला. क-वाल्यांनी माझ्या हातचा चहा घेणं बंद केलं.

तेवढ्यात तंबूच्या मागं कशाची तरी खसफस झाली. मी सवयीनं ओरडलो, “कोण हाय रे?” क-वाले ताडकन उभे राहिले. ‘कोण’मध्ये क आहे म्हणून. स्कॉटलंडवाल्यानं मला मिठी मारली. मागं नुसतं एक गाढव होतं, पण त्या गाढवानं माझं भाग्य उघडलं. ‘पाच’ प-वाल्यांचा, ‘कोण’ क-वाल्यांचा. म्हणजे हा माणूस दोन्ही गटांचा. असा माणूस आपल्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत लागतो, त्यांच्याकडं व्याकरणात लागला. संध्याकाळी ठराव झाला की जिथं भांडण मिटणार नाही तिथं तात्पुरता मराठी शब्द ठेवावा.

तात्पुरता म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी खात्यात तात्पुरता लागलो होतो आणि पेन्शन घेऊन बाहेर पडलो.

मग सुरू झालं. ‘जा’ तात्पुरतं, ‘ये’ तात्पुरतं, ‘दे’, ‘घे’, ‘बस’ तात्पुरतं. त्यांच्यात क्रियापद आधी येतं, माणूस नंतर. म्हणजे ‘मी जातो’ नाही, ‘जातो मी’. मला काही अवघड गेलं नाही. आपणही बायकोशी भांडताना तसंच बोलतो.

“‘आहे’ला काय होतं त्यांच्यात?” शामकांत सरांना आता रस वाटू लागला होता.

तोच तर घोळ. स्कॉटलंडवाला ‘आहे’ला म्हणतो ‘हा’. वेल्सवाला म्हणतो ‘माय’. एक दिवस दोघं ‘हा’ आणि ‘माय’ करत एकमेकांच्या अंगावर. मी म्हटलं, एकाचा ‘हा’ घ्या, दुसऱ्याच्या ‘माय’मधला ‘य’ घ्या. ‘हाय’. दोघंही खूश. अर्धा अर्धा वाटा मिळाला. त्या दिवसापासून भंडारदऱ्याच्या काठावर सहा विद्वान ‘हाय मी’, ‘हाय मी’ करत हिंडायचे. सत्यशीला म्हणाली, “नाना, ह्ये लोक सारखं आपन हाय, आपन हाय का सांगत्यात? दिसतंय की.”

“थांबा,” सर म्हणाले. “हे म्हणजे तुम्ही तुमची पाथर्डीकडची बोली त्यांच्या गळ्यात मारली.”

मी मारली नाही सर, त्यांनी घेतली. प्रमाण मराठी द्यायला मी तुम्हाला बोलावणार होतो. पण तुम्ही आला असता तर अजून ‘हाय’ की ‘आहे’ यावरच बैठक चालू असती.

सहाही जणांचा आपोआप जुळलेला शब्द एकच निघाला. ‘मी’. आयरिशमध्ये ‘मे’, वेल्शमध्ये ‘मी’, बाकीच्यांत थोडंफार तेच. त्यावर कोणी भांडलं नाही, तात्पुरता शब्द लागला नाही, चर्चा नाही, मतदान नाही. सहा देश, दोन गट, एवढा जुना वैरभाव, आणि ‘मी’ म्हटलं की सगळे एक. मला वाटलं, ही माणसं आपल्या जिल्ह्यात सहज खपली असती.

मांजराचं प्रकरण मात्र दीड दिवस चाललं. वेल्शमध्ये मांजराला ‘काथ’ म्हणतात. पण ‘त्याचं मांजर’ म्हणायचं झालं की ‘गाथ’, आणि ‘तिचं मांजर’ म्हटलं की ‘खाथ’. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, हे डोकंच बदलतात. मालक बदलला की मांजराचं नाव बदललं.

“आपल्याकडं मालक बदलला तरी सातबारा बदलत न्हाई,” वाल्मिक म्हणाला. त्याचं शेवगावला शेत आहे, बोलला ते पोटातून बोलला.

सोपी भाषा करायची तर ही भानगड काढून टाका, असं सगळ्यांचं ठरलं. हात वर झाले, टाळ्या झाल्या. मग एम्रिस म्हणाला, फक्त मांजरापुरती राहू द्या, आमच्या घरी मांजर आहे. मग ब्रिटनीची बाई म्हणाली, मग कुत्र्यापुरतीही राहू द्या. संध्याकाळपर्यंत सगळा गोठा आणि परसातल्या कोंबड्या आत आल्या. भानगड काढून टाकल्याचा ठराव तसाच राहिला, फक्त त्याला अपवाद म्हणून सगळी भाषा जोडली.

आता मुद्द्याचं सांगतो, इथं कान द्या. या भाषांमध्ये ‘हो’ हा शब्द नाही. ‘नाही’ही नाही.

“मग पोरी बघायला गेल्यावर काय करत्यात?” वाल्मिक.

क्रियापद परत म्हणतात. ‘जेवलास?’ विचारलं तर ‘जेवलो’. ‘येतेस?’ विचारलं तर ‘येते’. नकार द्यायचा असेल तर त्याच क्रियापदाच्या आधी ‘नी’ लावायचं, ‘नी येते’. हे ‘नी’ दोन्ही गटांत सारखं निघालं, म्हणून तिथं मी दिलेलं काही चाललं नाही. नूलानं स्वतः नियम केला, आणि अगदी कडक केला. ज्या क्रियापदात प्रश्न, त्याच क्रियापदात उत्तर दिलं तर होकार. दुसरंच क्रियापद वापरलं तर विचारलेली गोष्ट रद्द, आणि बोललेली गोष्ट खरी. मान हलवायची नाही, ‘हूं’ करायचं नाही, ‘बघू’ म्हणायचं नाही.

“‘बघू’ न्हाई?” वाल्मिकला खरोखर वाईट वाटलं. “आरारा. मग हपिसं कशी चालायची?”

नूलाला नियम फार आवडायचे. पण माणूस म्हणून गोड बाई. सत्यशीलापाशी चुलीजवळ बसायची, भाकरी थापायला शिकायची. तिची भाकरी आयर्लंडच्या नकाशासारखी व्हायची, सत्यशीला ती आधी एम्रिसला वाढायची. रोज दिवे लागायच्या आधी सत्यशीला पदर खोचून निघायची आणि म्हणायची, “येते हं नाना.” नूलाला ते कोडं पडलं. जाताना ‘येते’ का म्हणतेस, असं तिनं खुणा करून विचारलं.

सत्यशीला म्हणाली, “जाते आसं कुनी म्हनतं का बाई, भरल्या घरात? जातो त्यो मागारी येत न्हाई. आपन येते म्हनायचं आन् निघायचं.”

नूलानं मान डोलावली. हे नियमाबाहेरचं आहे, तिनं म्हटलं. पण मनात ठेवलं असणार.

शनिवारी भाषा जवळजवळ झाली होती. ‘मी’ होता, ‘हाय’ होतं, ‘नी’ होतं, माझी क्रियापदं होती, अपवादासकट मांजर होतं. संसाराला आणखी काय लागतं? सत्यशीलानं मला विचारलंही, नाना, हळद कधी आणू? तेवढ्यात एक शब्द राहिला असं एम्रिसच्या ध्यानात आलं. मुलंबाळं. पोटची पोरं. त्याला शब्द काय?

नूला म्हणाली, ‘क्लान’. एम्रिस म्हणाला, ‘प्लांट’.

पुन्हा क आणि प. मुळात दोन्ही शब्द एकाच ठिकाणाहून आलेले, असं ती ब्रिटनीची बाई सांगत होती, पण तिचं ऐकतं कोण. इतके दिवस हसत खेळत भांडणारी दोघं, त्या दिवशी हसेनात. माझ्या पोटी जन्मलेल्याला मी ‘प्लांट’ म्हणणार नाही, नूला म्हणाली. मग माझ्या नावाच्या पोराला ‘क्लान’ कोण म्हणतो तेच बघतो, एम्रिस म्हणाला.

मला राहवलं नाही. तात्पुरता शब्द द्यायचा म्हणून मी म्हटलं, “पोरं.” प-वाल्यांनी टाळ्या वाजवल्या. क-वाल्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी घाईघाईनं दुसरा शब्द दिला. “कार्टी.” आता क-वाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि प-वाले उठून बाहेर गेले.

“नाना, ‘लेकरं’ म्हनायचं की,” वाल्मिक कळवळला. “त्यात क न्हाई, प न्हाई.”

“लेकरं शब्दात मधे क आहे,” शामकांत सर म्हणाले.

“मधे हाय ओ सर. पुढं बसलेला दिसतो, मधे बसलेल्याला कोन इचारतं? माझ्या टेम्पोत आसंच आसतं.”

मला ‘लेकरं’ सुचलं रे वाल्मिक, पण उशिरा सुचलं. तोवर नूलानं बॅग भरली होती. पोरं व्हायच्या आधीच पोरांवरनं मोडलं. असं आपल्याकडं निदान पोरं झाल्यावर होतं.

रविवारी सकाळी अजिनाथ जीप घेऊन आला. नूलाला इगतपुरी स्टेशनला सोडायचं होतं. धरणावर धुकं, विद्वान सगळे एका रांगेत उभे, तेरावं घालायला आल्यासारखी तोंडं करून. सत्यशीलानं नूलाला हळदी-कुंकू लावलं, हातात तांदूळ दिले. नूला प्रत्येकाला भेटली. शेवटी जीपमध्ये जाऊन बसली. एम्रिस खिडकीपाशी गेला. इतक्या दिवसांत त्यानं तिच्याशी इंग्रजी सोडून बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. नव्या भाषेत, क्रियापद आधी, माणूस नंतर, अगदी नियमाप्रमाणं त्यानं विचारलं,

“जातेस तू?”

आणि नूला, कपाळावर कुंकू, डोळे भरलेले, सत्यशीलानं शिकवलं होतं तसं म्हणाली,

“येते मी.”

आता बघा. आपल्या कानाला हे काय आहे? साधा निरोप आहे. बाई निघाली. पण त्या नव्या भाषेत? ‘जातेस?’ विचारलं, उत्तरात ‘जाते’ नाही. दुसरं क्रियापद आलं. म्हणजे जाणं रद्द, आणि येणं खरं. एम्रिस माणूस नियमाचा. त्यानं इकडं तिकडं बघितलं नाही, जीपच्या मागं गेला आणि तिची बॅग काढून खाली ठेवली. अजिनाथला यातलं काही ठाऊक नाही, त्यानं गिअर टाकला. जीप पुढं, बॅग मागं. नूला किंचाळली, अजिनाथनं करकचून ब्रेक मारला, आणि ती तरातरा चालत परत आली, एम्रिसला चांगलं सुनवायला.

काय सुनवलं ते सांगत नाही, त्यात क-प दोन्ही होते. मुद्दा एवढाच की माझी बॅग का काढलीस. तो म्हणाला, तू म्हणालीस येते. ती म्हणाली, येते म्हणजे जाते. तो म्हणाला, नियम कोणी केला? बाकी चौघं धावत आले. तिथंच, चिखलात उभं राहून बैठक बसली. क-वाले म्हणाले, हा निरोप होता. प-वाले म्हणाले, हा होकार होता. सहा जण, तीन-तीन मतं. माझं मत विचारा म्हटलं तर म्हणे तुम्ही तात्पुरते.

वाल्मिक आता ओट्याच्या कडेवर येऊन बसला होता. पडला असता तर गोष्टीचा दोष माझ्यावर आला असता.

मग एम्रिसनं हात वर केला आणि सगळ्यांना गप्प केलं. तो नूलासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात त्यानं दुसरा प्रश्न विचारला. दोनच शब्द.

“आलीस तू?”

नूलानं आपल्या पायांकडं बघितलं. जीप तिकडं, ती इकडं. ‘जाते’ म्हणावं तर प्रश्न तो नव्हता. ‘नी आले’ म्हणावं तर सहा जणांच्या देखत समोर उभी. ‘हो’ म्हणायची सोय नाही, ‘नाही’ म्हणायची सोय नाही, मान हलवायला बंदी. आणि बंदी तिनंच घातलेली.

“खोटं बोलायचं की,” वाल्मिक म्हणाला.

भाषा नवी होती रे. खोटं बोलायची सोय अजून केलेली नव्हती. ते काम सोमवारी घ्यायचं ठरलं होतं.

अजिनाथनं जीप बंद केली. मग ती म्हणाली,

“आले.”

मी डोळे पुसले. म्हणजे तिथं पुसले. ओट्यावरही थोडे पुसून दाखवले. शामकांत सर, ज्यांनी मघापासून माझ्या व्याकरणात चुका काढल्या होत्या, तेसुद्धा घसा साफ करत म्हणाले, “छान. म्हणजे झालं त्यांचं.”

झालं म्हणजे काय, धूमधडाक्यात झालं. मुलांना शब्द ‘लेकरं’ ठरला, एकमतानं, मधल्या क-ला कोणी हरकत घेतली नाही. सत्यशीलानं ऐकलंच नाही, म्हणाली आता हळद लागल्याशिवाय कुणाला सोडत नाही. तंबूसमोरच मांडव. स्कॉटलंडवाला आणि ब्रिटनीची बाई, एक क-वाला आणि एक प-वाली, यांनी अंतरपाट धरला. मॅन बेटावरच्यानं आपल्या भाषेत मंगलाष्टकं म्हटली, कोणाला एक अक्षर कळलं नाही, म्हणजे अगदी आपल्यासारखीच झाली. नूलाचे आईबाप तर आयर्लंडात. मग मुलीकडून कोणीतरी वडीलधारं पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पण मागं हटलो नाही. पाटावर बसलो, तिचा हात त्याच्या हातात दिला, पाणी सोडलं, कन्यादान केलं. त्या पोरीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा...

आत शेंगा फोडायचा आवाज थांबला.

“कन्यादान कुनी केलं म्हनलात?” पुष्पावती म्हणाली.

“मी.”

“एकल्यानंच?”

“मग? मुलीचे आईबाप नव्हते.”

“नाना,” शामकांत सर जरा अवघडून म्हणाले, “कन्यादानाला जोडपं लागतं. पाण्याची धार बायकोनं धरायची असते.”

“ठाऊक आहे की सर,” मी म्हटलं. “आता ही इथं केडगावात. मग भटजींनी माझ्या कमरेला सुपारी लावली. बायकोच्या जागी सुपारी चालते.”

पुष्पावती सूप बाजूला ठेवून दारात आली. पदरानं तिनं हात पुसले. वाल्मिककडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

“अवो, सुपारी बायकू मेलेला मानूस लावतो आमच्यात,” ती म्हणाली. “तवा एक तर मी मेलेय, न्हाई तर ह्ये लगीन झालंच न्हाई. दोन्हीतलं कुटलं, त्येवडं ह्या दोघांना सांगा.”